कंपनीचा पैसा, बाईंचे प्रशिक्षण

(तालुका पातळीवर काम करणाऱ्या महिला संघटनांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय वाचून दोघी-तिघींनी मला विचारले, "कंपन्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवतात, त्यात आपल्या चळवळीचे काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हुंड्याच्या, मारहाणीच्या, पोटगीच्या केसेस पडून असताना हा विषय कशाला, असे मलाही एकेकाळी वाटे. पण अशा एका प्रशिक्षणाचे काम आमच्या संस्थेने दोन वर्षे केले. त्यात आम्ही काय पाहिले, कुठे चुकलो, ते आज सांगायचे आहे. चुकलो तेही सांगणार आहे, कारण ती चूक शेवटी एका बाईला भोवली.

आधी थोडा इतिहास. शिक्षणाला बाहेरून पैसा मिळणे नवीन नाही. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने. या केंद्राच्या लोकांनी सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला जाऊन खेड्यातल्या शिक्षकांबरोबर विज्ञान शिकवण्याचे काम केले. पैसा ट्रस्टचा होता, पण काय शिकवायचे ते ठरवले शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांमधून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम घ्या. स्वस्तातले साहित्य, मुलांनी हाताने करायचे प्रयोग, आणि शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठका. त्या बैठकांमध्ये शिक्षक उठून सांगत की हा धडा चालत नाही, हा बदला. तो कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला. सांगायचे एवढेच की शिक्षकाला प्रशिक्षण द्यायचे म्हणजे त्याच्या हातात यंत्र द्यायचे, असे त्या काळी कुणी समजत नव्हते.

२००० साली इंटेल या कंपनीने शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवण्याचा आपला कार्यक्रम जगभर सुरू केला. भारतातही तो त्याच सुमाराला आला. इंटेल कॉम्प्युटरच्या चिप बनवते. प्रशिक्षणात वापरायची वर्ड, पॉवरपॉइंट ही सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टची. मग २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात 'प्रोजेक्ट शिक्षा' आणला. पुढे इंटेलच्या कार्यक्रमातून जगात एक कोटीहून अधिक शिक्षक गेले. या कार्यक्रमावर एकतर्फी टीका मी करणार नाही. त्यात प्रकल्पातून शिकवण्यावर भर होता, नुसते बटण दाबण्यावर नव्हता. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो अशा वर्गात. पण प्रकल्पाचा आराखडा वर्डमध्ये आणि सादरीकरण पॉवरपॉइंटमध्ये करायचे म्हटले की शाळेने यंत्र कोणते आणि सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे ते आधीच ठरून जाते. बियाणे फुकट वाटणारा दुकानदार खताची बिले पुढे काढतोच, हे आपल्या शेतकरी बायकांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट, प्रायोजक बदलतात. अमेरिकेत शाळकरी मुलांची एक नावाजलेली विज्ञान स्पर्धा आहे. १९४२ पासून तिला वेस्टिंगहाऊसचे नाव होते, १९९८ मध्ये इंटेलचे लागले, आणि इंटेल बाहेर पडल्यावर २०१७ पासून रीजेनेरॉन या औषध कंपनीचे. स्पर्धा टिकली, कारण ती चालवणारी संस्था कंपनीपासून वेगळी होती आणि जुनी होती. आपल्या तालुक्यातल्या प्रशिक्षणामागे अशी संस्था नसते. कंपनी गेली की फलक राहतो, प्रोजेक्टरचा दिवा जातो, आणि नवा दिवा घ्यायला शाळेच्या अनुदानात पैसे नसतात.

आता आमचे सांगते. ही गोष्ट २०१८-१९ ची. आमच्या तालुक्याजवळच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्या एका कंपनीने आम्हाला विचारले की, सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञान शिक्षकांचे पाच दिवसांचे निवासी प्रशिक्षण घ्याल का? आमचे मुख्य काम कौटुंबिक सल्ला केंद्राचे. पण शाळांमध्ये किशोरींचे गट होते, शिक्षकांशी ओळख होती आणि, खरे बोलायचे तर, केंद्राच्या दोन कार्यकर्त्यांचे मानधन कुठून काढायचे ही चिंता होती. आम्ही हो म्हटले.

पहिला धक्का यादी पाहूनच बसला. साठ नावे होती, त्यात बायका अकरा. गटशिक्षणाधिकारी म्हणाले, विषय शिक्षक जे आहेत ते दिले. आता बघा, देशाच्या २०२१-२२ च्या शालेय आकडेवारीत एकूण शिक्षकांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त, ५१ टक्के, स्त्रिया आहेत. पण त्या एकवटल्यात खालच्या वर्गांवर. वर जावे तसा त्यांचा वाटा घटतो. दोनशिक्षकी शाळेतल्या बाई पहिलीपासून चौथीपर्यंत गणितच शिकवतात, बेरीज-वजाबाकी, अपूर्णांक, सगळे. पण कागदावर त्या 'गणिताच्या शिक्षिका' नाहीत. विषय शिक्षक म्हणजे पदवीधर, तो वरच्या वर्गाला, आणि ते पद बहुतेक ठिकाणी सरांकडे. मी कंपनीच्या अधिकाऱ्यांना म्हटले, खालच्या वर्गाच्या शिक्षिकांनाही घेऊ या. त्यांनी सांगितले की प्रकल्पाच्या आराखड्यात लाभार्थी 'गणित-विज्ञान शिक्षक' असे ठरलेले आहे, बदलता येणार नाही. बाईच्या कामाला नाव नसते, म्हणून तिला हक्कही नसतो, हे आपण घरकामाबद्दल किती वर्षे बोलतोय! शाळेतही तेच निघाले.

अकरापैकी आल्या सात. चौघींची कारणे मी स्वतः फोन करून विचारली. एकीची सासू आजारी, एकीचे मूल अंगावर पिणारे, एकीच्या नवऱ्याने रात्री बाहेर राहायला नको म्हटले. चौथीने सांगितले ते ऐकून मी गप्प झाले. ती म्हणाली, "ताई, मागच्या निवासी प्रशिक्षणात रात्री साधनव्यक्तींनी खोलीचे दार वाजवले होते. तक्रार कुणाकडे करायची तेच कळेना, म्हणून आता जातच नाही." अहवालात या चौघींपुढे शेरा पडला, 'अनुपस्थित, उदासीन'. तो शेरा मी नंतर खोडायला लावला, पण तोवर वर पाठवलेली प्रत गेली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, पुष्कळ शिक्षिकांना ती माहीत नसते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेरीच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेले वाहनसुद्धा त्यात येते. म्हणजे प्रशिक्षणाचे सभागृह, वसतिगृह, जाण्या-येण्याची बस, सगळे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, नसेल तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. प्रशिक्षणाच्या पहिल्या सत्रात दोन मिनिटे काढून समितीवरच्या बाईंचे नाव आणि फोन नंबर फळ्यावर लिहायचा. दुसऱ्या वर्षी आम्ही तो लिहिला. काही सर हसले. हसू दे.

आता प्रशिक्षणात काय झाले? तीन जणांना एक कॉम्प्युटर होता. एका दुपारी मी एक तास फक्त माउस कुणाच्या हातात आहे एवढेच पाहत बसले. ज्या गटात दोन सर आणि एक बाई होत्या, तिथे त्या तासात बाईंच्या हातात माउस एकदाही आला नाही. त्या वहीत उतरवून घेत होत्या. सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून, इथे दाबायचे, मग तिथे दाबायचे. संध्याकाळी दोन्ही सरांनी त्याच वहीचे फोटो काढून घेतले! दुसऱ्या दिवशी बायकांचा गट वेगळा केला. प्रशिक्षक नाराज झाला, म्हणाला, हा भेदभाव आहे. पण त्या खोलीतला आवाज बदलला. एकमेकींना विचारणे, चुकले तर हसणे, पुन्हा करणे.

त्या खोलीतला एक प्रसंग सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी यंत्राच्याच विरुद्ध आहे. जिओजेब्रा नावाचे भूमितीचे सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर त्रिकोण काढायचा आणि त्याचा शिरोबिंदू धरून ओढायचा. त्रिकोण लांबतो, चपटा होतो, पण तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. वीस वर्षे नोकरी झालेल्या एक बाई तो बिंदू कितीतरी वेळ इकडून तिकडे ओढत राहिल्या. म्हणाल्या, "फळ्यावर मी एकच त्रिकोण काढते, पोरींना वाटते त्याच त्रिकोणाचे खरे आहे. हे बघितले तर पाठ करायला नको." शिकवणे कळणाऱ्या बाईच्या हातात साधन आले की काय होते ते मी त्या दिवशी पाहिले. माझे भांडण साधनाशी नाही.

याच जिओजेब्राची पुढची गोष्ट ऐका. २००१ साली एका ऑस्ट्रियन तरुणाने विद्यापीठात शिकताना ते तयार केले, जगभरच्या शिक्षकांनी त्यात आपापले धडे घातले, भाषांतरे केली. २०२१ च्या डिसेंबरात ते बायजूजने विकत घेतले. आणि २०२४ मध्ये बायजूजवरच दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. सॉफ्टवेअर मोफत राहिले ही गोष्ट वेगळी. पण शिक्षकांनी इतकी वर्षे फुकट भरलेली विहीर कुणाच्या सातबाऱ्यावर चढली, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळले.

प्रशिक्षणाच्या चित्रफितीत शास्त्रज्ञांची ओळीने छायाचित्रे होती. न्यूटन, आइन्स्टाइन, रामन. एकही बाई नाही. मी म्हटले, रामन यांच्या शेजारी कमला सोहोनींचे छायाचित्र लावा. १९३३ साली त्या बंगलोरच्या संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा मुलगी म्हणून रामन यांनीच नकार दिला होता. त्या हटून बसल्या, मग वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. घेतली, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांचे माहेरचे नाव भागवत. म्हणजे आपल्याच मराठी मुलीची गोष्ट. प्रशिक्षक म्हणाला, मजकूर मुख्यालयाने मंजूर केलेला आहे, त्यात बदल होत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघांनाही स्वयंपाकघरात बसवले, सरकारी पुस्तक बदलते, पण कंपनीची चित्रफीत बदलत नाही!

पाळणाघराची मागणी आम्ही दुसऱ्या वर्षी अंदाजपत्रकात घातली. रक्कम अगदी किरकोळ होती. ती कापून आली, 'हा शैक्षणिक खर्च नाही' म्हणून. कंपनीचे चिन्ह असलेले टी-शर्ट आणि प्रवेशद्वारावरचा मोठा फलक मात्र शैक्षणिक खर्चात बसला होता.

आता चुकीबद्दल. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आमच्या सल्ला केंद्रात एक कंत्राटी कामगार बाई आली. ती याच कंपनीच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करत होती. सुपरवायझर त्रास देतो, तक्रार केली तर ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटले. नेहमीच्या पद्धतीने आम्ही कंपनीला पत्र लिहायला घेतले: तुमच्याकडे अंतर्गत समिती आहे का, सदस्य कोण, कंत्राटी बायकांना ती लागू आहे हे त्यांना सांगितले आहे का? पत्राचा मसुदा तयार झाल्याचे कसे कुणास ठाऊक, पण कळले. सामाजिक कामाचे अधिकारी बघणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. आवाज गोड. "ताई, आपण भागीदार आहोत ना? पत्र कशाला, आधी बसून बोलू या."

आम्ही बसून बोललो. दोनदा. कार्यकारिणीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, साठ शिक्षकांचे आणि त्यामागच्या हजारो मुलांचे नुकसान एका केससाठी करायचे का? हे बोलणाऱ्या वाईट नव्हत्या, त्यांच्या मानधनाचाही प्रश्न होता. मीही म्हटले, दोन आठवडे थांबू या. दोनाचे आठ झाले. पत्र गेले तेव्हा ती बाई खोली सोडून गावी परत गेली होती. कायद्यात तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढते. पण तक्रारदारच हाताला लागली नाही. तिचा फोन बंद. तिसरा हप्ता उशिरा आला, करार पुढे वाढला नाही. पत्रामुळेच, असे मी सिद्ध करू शकत नाही. आणि गंमत म्हणजे पत्र वेळेवर पाठवले असते तरी याहून जास्त काही गमावले नसते.

म्हणून आता पैशाचे नियम आम्ही नीट वाचले, तुम्हीही वाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची आहे. म्हणजे हे कर्णाचे दान नव्हे, कायद्याचे देणे आहे. ताट वाढणाऱ्यापुढे मान खाली घालायचे कारण नाही. २०२१ मध्ये नियम बदलले. त्यातला एक आपल्या कामाचा आहे: आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या जाहिरातीचा फायदा व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. तेव्हा एखादी कंपनी फक्त स्वतःचेच सॉफ्टवेअर शिकवत असेल, तर हा नियम दाखवून प्रश्न विचारता येतो. दुसरा नियम: अनेक वर्षांचा प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपेक्षा लांब धरता येत नाही. प्रकल्प मध्येच का संपतात त्याचे एक कारण यात आहे, ते आधीच गृहीत धरून चालावे. आणि कंपनीने आपले मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायचे असतात. जिल्हा परिषदेशी झालेला सामंजस्य करार माहितीच्या अधिकारात मागता येतो. तिथून सुरुवात करा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या निम्म्या बायकांना कधी कुणी विचारले का, शाळेत कोणती कंपनी येते आहे?

एक अडचणही सांगते. १ एप्रिल २०२१ पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेला सरकारकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आयकराच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचा कामाचा इतिहास लागतो. हिशेबाची शिस्त म्हणून ते ठीक. पण गावातले महिला मंडळ त्यात कुठे बसणार? पैसा मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांकडे जातो आणि आपल्या वाट्याला येते ती सभागृह झाडण्याची आणि बायका जमवण्याची जबाबदारी.

दुसरीकडे काय झाले तेही पाहू. केरळात २००१ मध्ये सरकारनेच 'आयटी अ‍ॅट स्कूल' सुरू केला. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवरचे प्रशिक्षण नको, ही मागणी तिथल्या शिक्षक संघटनेने लावून धरली, आणि काही वर्षांत शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. शिकवणारे शाळेतलेच शिक्षक होते. कर्नाटकात बंगलोरच्या 'आयटी फॉर चेंज' या संस्थेने सरकारच्या शिक्षण विभागाबरोबर गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांचे विषयवार मंच उभे केले, तेही मुक्त सॉफ्टवेअरवर. हीच संस्था स्त्रिया आणि तंत्रज्ञान या प्रश्नावरही काम करते. आपल्याकडे शिक्षकांनी एमएस-सीआयटी केली ती बहुतेकांनी वेतनवाढ अडेल या धाकाने. धाकाने शिकलेले वर्गात उतरत नाही. करोनाच्या काळात प्रशिक्षणे मोबाईलवर आली तेव्हा हे दिसले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के होते. शिक्षिका या सरासरीच्या पुढे आहेत, मान्य. पण घरातला चांगला फोन मुलाच्या अभ्यासाला आणि बाई प्रशिक्षण घेणार रात्री भांडी झाल्यावर, हे आपण सगळ्यांनीच पाहिले.

सध्या आमच्यापुढे दुसऱ्या एका कंपनीचा प्रस्ताव आहे. विषय तोच. या वेळी आम्ही उत्तराच्या पहिल्याच पानावर अटी लिहून पाठवल्या आहेत. पाळणाघर खर्चात हवे. यादीत पहिली ते पाचवीच्या शिक्षिका निम्म्या हव्यात. साहित्य मराठीत आणि बदलता येईल असे हवे. निवासाच्या ठिकाणी समितीचा फलक हवा. आणि आमच्या सल्ला केंद्रात कुठल्याही कंपनीविरुद्ध तक्रार आली, प्रायोजक असलेल्या कंपनीविरुद्ध आली तरी, ती आम्ही नेहमीसारखीच चालवू, हे करारात लिहून हवे. शेवटच्या अटीवर कार्यकारिणीत पुन्हा वाद झाला. या वेळी मी थांबू या म्हटले नाही.

कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही. नकार आला तर दोन कार्यकर्त्यांचे मानधन पुढच्या महिन्यापासून वर्गणीतून द्यावे लागेल, त्याची यादी मी बरोबर आणली आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मराठी नमुना आणि अटींच्या पत्राच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. जाताना घेऊन जा, आणि तुमच्या तालुक्यात काय सापडते ते आम्हाला कळवा.